मातीखाली काय आहे?

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात उत्सवाच्या चौथ्या दिवशी दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे सुचलं तेही नंतर आठवून लिहिलं आहे.)



मला बोलायला उभं केलं याबद्दल मंडळाचे आभार मानावेत की तुमची क्षमा मागावी, हे अजून ठरत नाही. मी नागपूरच्या तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेला रेल्वेचा माणूस. माझा विषय रूळ. इथल्या कारखान्यातून २६० मीटरची वेल्ड केलेली रुळांची पॅनल निघतात, ती पुढे कुठे आणि कशी बसतात हे विचाराल तर रात्रभर सांगेन. पण सचिवांनी सांगितलं, "रूळ नको. यंदा सिनेमा-नाटकावर बोला. मुलंही बसतील असं काहीतरी." म्हणून मी भुताच्या सिनेमावर बोलणार आहे. हसवणाऱ्या भुताच्या सिनेमावर. आणि शेवटी माझ्या स्वतःच्या एका भुतावर. ते अजून उतरलेलं नाही.

सुरुवात 'झपाटलेला'पासून करतो. महेश कोठारे यांचा १९९३चा चित्रपट. आमच्या गावी गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणायचे आणि चौकात टी.व्ही. ठेवून रात्रभर सिनेमे लावायचे. तिथे मी तो पाहिला. तात्या विंचू नावाचा गुंड मरताना मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो लक्ष्याकडे, म्हणजे आपल्या लक्ष्मीकांत बेर्डेंकडे. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचं वेड. बाहुला हातात धरायचा, ओठ न हलवता त्याच्या तोंडी आपला आवाज द्यायचा, ही त्याची कला. आणि इथे एक दिवस बाहुला आपल्याच आवाजात बोलायला लागतो. त्याला लक्ष्याचं शरीरच हवं असतं. कल्पना मूळची १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली, पण आपल्याकडे येऊन ती अस्सल मराठी झाली. बाहुला बनवला होता रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांचा अर्धवटराव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

आता आठवून पाहा. त्या सिनेमात आपण सगळ्यात जास्त कधी हसलो? लक्ष्या घाबरून "हा बाहुला जिवंत आहे हो!" म्हणून सांगत सुटतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही तेव्हा. माणूस जिवाच्या आकांताने ओरडतोय आणि आम्ही चौकात पोट धरून हसतोय. लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नाही. लक्ष्या होताच तसा. पण पुढे एकदा टी.व्ही.वर पुन्हा पाहिला तेव्हा मनात आलं, या गोष्टीत कलाकाराची कलाच त्याला खायला उठली आहे आणि प्रेक्षकांना ती त्याची आणखी एक नक्कल वाटते आहे.

हा विषय आपल्याला नवा नाही. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आलं. त्यावरचा २०१५चा चित्रपट तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. पंडितजींचा आवाज जावा म्हणून खाँसाहेबांची बेगम त्यांना शेंदूर चारते. एका माणसाच्या गाण्याच्या ध्यासापायी दुसऱ्याचा गळा कायमचा जातो. तिथे आपण रडतो. पण हीच गोष्ट कुणी विनोदी करून सांगितली तर? तर काय होतं, ते मला गेल्या दिवाळीत कळलं.

दिवाळीच्या सुटीत मुलगा घरी आला होता. त्याने लॅपटॉपवर एक जुना, काळा-पांढरा अमेरिकन सिनेमा लावला. नाव 'अ बकेट ऑफ ब्लड', म्हणजे 'बादलीभर रक्त'. साल १९५९. योगायोग पाहा, त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला आपल्या भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. सौभाग्यवती नाव ऐकूनच स्वयंपाकघरात गेल्या. मी बसलो, कारण सिनेमा सहासष्ट मिनिटांचाच होता.

दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. हा आपल्याच बिरादरीतला माणूस. स्टॅनफर्ड विद्यापीठातून इंडस्ट्रियल इंजिनियरिंग शिकला, विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला आणि चार दिवसांत सोडून आला. (आपल्यातल्या किती जणांच्या मनात हे आलं असेल! पण क्वार्टर रिकामं करावं लागतं.) पुढे त्याने शेकडो स्वस्तातले सिनेमे काढले. हा चित्रपट पन्नास हजार डॉलरमध्ये, पाच दिवसांत पुरा केला. पुढच्याच वर्षी माणसाच्या रक्तावर वाढणाऱ्या झाडाची गोष्ट दोन-अडीच दिवसांत उरकली, 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'. त्यात जॅक निकल्सन नावाचा एक नवखा पोरगा दंतवैद्याकडे आलेला पेशंट झाला होता. कोपोला आणि स्कॉर्सेसी यांनाही सुरुवातीच्या दिवसांत कॉर्मननेच काम दिलं. पैसे कमी द्यायचा, राबवून घ्यायचा, पण संधी द्यायचा. २००९ साली त्याला मानद ऑस्कर मिळालं. २०२४च्या मे महिन्यात वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

आता गोष्ट. एक कॅफे आहे. तिथे कवी, चित्रकार, शिल्पकार अशी दाढीवाली मंडळी बसतात. कलाकार तेवढा खरा, बाकी सगळे किडामुंगी, असं ऐटीत बोलत असतात. त्यांच्या उष्ट्या कपबशा उचलणारा पोरगा म्हणजे वॉल्टर पेस्ली. भोळा, थोडा मंद. त्यालाही कलाकार व्हायचंय. त्याला कार्ला नावाची मुलगी आवडते. घरी जाऊन तो मातीत तिचा चेहरा करायला बसतो. जमत नाही. नाक करतो तर हनुवटी जाते. त्या मातीलाच ओरडून सांगतो की हो ना नाक! एवढ्यात घरमालकिणीचं मांजर भिंतीच्या पोकळीत अडकून ओरडायला लागतं. त्याला सोडवायला वॉल्टर भिंतीत सुरी खुपसतो आणि सुरी मांजरालाच लागते.

आता मेलेल्या मांजराचं काय करायचं? तो त्याच्यावर माती थापतो. सुरीसकट. आणि सकाळी कॅफेत नेऊन ठेवतो. शिल्पाचं नाव, 'मेलेलं मांजर'.

मंडळी थक्क! काय बारकावा, काय शरीरशास्त्राची जाण! कालपर्यंत ज्याला "ए, टेबल पुस" म्हणत होते त्याला आज खुर्ची देतात. मग पुढचं शिल्प कधी? वॉल्टरला माती तर येत नाही. त्याला एकच गोष्ट येते. पुढे एक साध्या वेशातला पोलीस त्याला पकडायला येतो, तो घाबरून तव्याने त्याच्या डोक्यात मारतो. दुसरं शिल्प तयार. नंतर मात्र अपघात राहत नाहीत. एक मॉडेल मुलगी, मग एक कामगार. आणि आम्ही बापलेक हसतोय, मित्रहो. खरं सांगतो, हसतोय. कारण दर वेळी तो कवी उठून त्या प्रेतावर अलंकारिक भाषेत बोलतो.

आपल्याकडे दुर्गजवळ थनौद गाव आहे. सगळ्या छत्तीसगडात तिथल्या मूर्ती जातात. मी तिथे जाऊन काम पाहिलं आहे. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर तणस, म्हणजे इथला पैरा, सुतळीने आवळून बांधायचं, मग माती, मग बारीक माती, मग रंग. मूर्ती कितीही भव्य असो, आत गवत. वॉल्टरच्या मूर्तीत आत माणूस. बाहेरून दोन्ही सारख्याच सुंदर. पाहणाऱ्याने आत काय आहे हे विचारलंच नाही तर फरक कळणार कसा?

आणि आता मी ज्यासाठी हे सगळं सांगतोय तो प्रसंग. कॅफेचा मालक लिओनार्ड. त्याच्या हातून एकदा ते मांजराचं शिल्प धडपडतं, माती थोडी उडते आणि आतून केस दिसतात. खरे केस. त्याला सगळं कळतं. तो पोलिसांना फोन करायला निघतो. तेवढ्यात एक श्रीमंत गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, या मांजराचे पाचशे डॉलर देतो. लिओनार्डचा हात थांबतो.

बस, एवढंच. कुठे रक्त नाही, किंकाळी नाही. टेलिफोनजवळ एक माणूस हिशोब करतोय. मुलगा हसला. माझं हसणं मात्र तिथे थांबलं. रात्री झोप आली नाही. कारण ते तोंड मी पाहिलेलं होतं. आरशात.

ती गोष्ट आता सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा मी विदर्भातल्या एका सेक्शनला पी-वेचा जे.ई. होतो. स्टेशनचं आणि मंडळाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. मी तिथल्या गणेश मंडळाचा देखावा-प्रमुख होतो. आमच्या गँगमध्ये एक ट्रॅकमन होता. हातात विलक्षण कला. कागदाचा लगदा, बांबूच्या कामट्या आणि भंगारातली जीपच्या वायपरची मोटर एवढ्यावर तो हलणारे देखावे करायचा. सायकलची चेन आणि दोन गिअर लावून अशी मान हलवायचा की बघणारा म्हणे, आता बोलेल.

त्या वर्षी ठरलं कालियामर्दन. पाच फण्यांचा नाग, प्रत्येक फणा वेगळ्या तालात हलायचा. तालुक्याची देखावा स्पर्धा होती. मला ती ढाल हवी होती. का हवी होती, विचारू नका. मागच्या वर्षी शेजारच्या मंडळाला मिळाली होती, एवढं कारण माणसाला पुरतं.

तो दिवसभर रुळावर काम करायचा आणि रात्री मंडपात. अकरा, बारा, दोन, चार. त्याची बायको डबा घेऊन यायची आणि मंडपाच्या दोरीशी उभी राहायची. तो बघायचाही नाही. मी म्हणायचो, "अरे, जेवून घे." तो म्हणायचा, "साहेब, डोये नाही जमले अजून." नागाचे डोळे त्याने सात वेळा काढून पुन्हा बसवले. मला वाटायचं, वा, काय निष्ठा! चार लोकांना आणून दाखवायचो.

मग मला त्याची दया आली. या दयेबद्दलच मला बोलायचं आहे. मी मुकादमाला सांगितलं, "याला फावडं-सब्बल देऊ नको, दमलाय. याला लुकआऊटला उभा कर."

रेल्वेवाल्यांना पुढचं सांगायची गरज नाही, त्यांचे चेहरे मला इथून दिसताहेत. इतरांसाठी सांगतो. गँग रुळावर वाकून काम करते तेव्हा एक माणूस शिट्टी आणि लाल झेंडी घेऊन लांब उभा असतो. गाडी येताना दिसली की त्याने शिट्टी मारायची. सगळ्यांचे जीव त्याच्या डोळ्यांवर. अंगमेहनत नाही, फक्त जागं राहायचं. आणि मी तिथे उभा केला नऊ रात्री न झोपलेला माणूस. का, तर त्याला आराम मिळावा आणि रात्री देखाव्याला तो ताजा राहावा.

वळणावर काम चालू होतं. तो उभ्या उभ्या झोपला. ड्रायव्हरने वळण घेताना हॉर्न वाजवला म्हणून मुकादमाच्या कानावर आला. आठ माणसं खाली उड्या टाकून पडली. एक सब्बल रुळावर राहिली होती, ती गाडीने उडवली आणि लांब झुडपात सापडली. माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. नशीब म्हणा, बाप्पा म्हणा.

मी वीस मिनिटांनी पोचलो. मुकादम पंचावन्न वर्षांचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "झोप लागली त्याले, साहेब." कुणाची चूक ते त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. नियमाप्रमाणे मी हा प्रकार वर कळवायला हवा होता. पण कळवला असता तर विचारलं गेलं असतं, हा माणूस रात्री कुठे होता आणि कुणासाठी. मी डायरीत त्या दिवशीचं पॅकिंग किती स्लीपरचं झालं ते लिहिलं. बाकी काही नाही.

आणि मंडळी, माझ्या हातून याहून वाईट जे झालं ते संध्याकाळी. तो मंडपाच्या कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो. मला वाटलं होतं की मी त्याची विचारपूस करायला जातोय. माझ्या तोंडून निघालं, "परीक्षक उद्या येणार आहेत. आज होईल ना पुरं?"

ते झालं. डोळेही जमले. पाच फणे पाच तालांत हलले, बायाबापड्यांनी हात जोडले, ढाल आम्हाला मिळाली. मंडपाच्या फलकावर लिहिलं होतं, 'कल्पना व संयोजन', आणि पुढे माझं नाव. त्याचं नाव कुठेच नव्हतं. माझा फोटो ढालीसकट स्थानिक पेपरात आला. विसर्जनानंतर सामान मोडलं तेव्हा त्याने फक्त वायपरची मोटर मागून नेली. "पुढच्या वर्षी कामी येते," म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, त्या सिनेमात खून झाले, इथे तर कुणी मेलं नाही. बरोबर आहे. पण कोणी मेलं नाही यात माझं कर्तृत्व काय? हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर तेवढा जागा होता, म्हणून आठ घरं वाचली. मी लिओनार्डसारखाच मातीखालचे केस पाहिले आणि फोन ठेवून दिला. त्याला पाचशे डॉलर मिळत होते, मला एक पितळेची ढाल.

हे भाषण तयार करताना मी त्या ट्रॅकमनला फोन केला. तो आता मुकादम झाला आहे. मी म्हटलं, "बाबा रे, मी ही गोष्ट चार लोकांत सांगणार आहे. तुझी माफीही मागायची आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, तुमी काई जबरदस्ती नोती केली. मलेच झोप येत नोती. डोये मिटले का ते नागाचे डोये दिसे."

हे ऐकून मला हलकं वाटलं. आणि लगेच लक्षात आलं की हलकं वाटणं हीच तर लबाडी आहे. वॉल्टरलाही कुणी जबरदस्ती केली नव्हती. कलावंताला ध्यास असतोच. तो स्वतःला जाळतोच. म्हणून तर त्याच्याभोवती जे उभे असतात त्यांच्यावर जास्त जबाबदारी येते. त्याच्या ध्यासाचा आपण फायदा घेतो आणि वर म्हणतो, त्यालाच आवड होती हो!

आपल्या भिलाईने एक चांगलं उदाहरण घालून दिलं आहे. गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी साऱ्या जगाने ऐकली, २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांना इथल्या पोलाद कारखान्याने नोकरी दिली होती. म्हणजे कौतुकाबरोबर महिन्याचा पगारही दिला. टाळ्या सगळेच देतात. टाळ्यांवर चूल पेटत नाही.

तेव्हा माझ्या तीन लहान सूचना आहेत. कार्यकारिणीने विचार करावा. एक, देखावा, रांगोळी, नाटकाचा पडदा, जे कोणी करेल त्याला आधी ठरवून मोबदला द्यावा, मग तो आपल्यातलाच असो. तो नको म्हणाला तरी द्यावा. दोन, रात्री अकरानंतर मंडपात काम बंद. ज्याची सकाळची शिफ्ट आहे त्याच्याकडून रात्री काम घ्यायचंच नाही, मग त्याची ड्यूटी भट्टीवर असो, क्रेनवर असो की रुळावर. तीन, फलकावर पहिलं नाव करणाऱ्याचं, संयोजकाचं शेवटी आणि बारीक अक्षरात.

तिसरी सूचना मी फोनवर त्यालाही सांगितली. म्हटलं, निदान आमच्या स्मरणिकेत तरी तुझं नाव छापतो. तो घाईघाईने म्हणाला, "नका, नका साहेब! नाव छापलं का लोक अजून बलावतीन. मले आता रात्री झोप पायजे." आणि मोठ्याने हसला. मीही हसलो. म्हणून इथे त्याचं नाव नाही.

आज आपल्या मंडपातली आरास ज्या मुलांनी केली ती मागे उभी आहेत. त्यांतली दोघं उद्या पहाटे ड्यूटीवर जाणार आहेत हे मला माहीत आहे. माझं भाषण लांबलं, त्यांची झोप त्यात गेली. तेव्हा इथेच थांबतो. आरती झाली की त्यांना आधी प्रसाद द्या आणि घरी पाठवा. खुर्च्या आपण उचलू.

गणपती बाप्पा मोरया!